आक्षेप क्रमांक चार

२ सप्टेंबर, सोमवार

आजपासून ही वही. सचिव बाईंनी रोजचं टिपण ठेवायला सांगितलं आहे, पण ते सरकारी, टाइप करून वर पाठवायचं. ही वही माझी. हिच्यात लिहायला कोणाची मंजुरी लागत नाही.

झालं असं की अर्थ मंत्रालयात नव्याने आलेल्या आमच्या सचिव बाईंनी एक टूम काढली आहे. खर्च विभागातल्या अधिकाऱ्याने तीन महिने दुसऱ्या मंत्रालयात जाऊन बसायचं, तेही ज्याचे प्रस्ताव तो तपासतो त्याच मंत्रालयात. नुसतं बसायचं नाही, तिथला एखादा प्रस्ताव स्वतः लिहायचा आणि आमच्याच विभागाकडून मंजूर करून आणायचा. पहिला मान माझा. सत्तावीस वर्षं आरोग्य मंत्रालयाचे प्रस्ताव माझ्या टेबलावरून पुढे गेले, म्हणजे खरं तर मागे गेले. माझ्या अनुभवाचा त्यांना फायदा व्हावा असा बाईंचा हेतू असणार.

पाठीमागे मला 'नन्नासाहेब' म्हणतात हे मला ठाऊक आहे. त्याचं वाईट वाटत नाही. तिजोरी एक आणि मागणारे हात हजार, तेव्हा कोणीतरी दारात उभं राहून नाही म्हणायलाच हवं. बाकीच्या मंत्रालयांनी स्वप्नं बघायची आणि आम्ही चिमटा काढून त्यांना जागं करायचं, अशी ही कामाची वाटणी आहे.

निरोपाला अख्खा मजला जमला होता. प्रत्येकाचा चेहरा हसरा. लिफ्टवालासुद्धा आला, आणि त्याने तर टाळ्याही वाजवल्या. या लोकांचा माझ्यावर इतका जीव आहे याची मला कल्पना नव्हती. माझी खुर्ची तीन महिन्यांसाठी माझ्या शिष्येला दिली आहे. नऊ वर्षं माझ्या हाताखाली तयार झालेली मुलगी, एक स्वल्पविरामही फुकट जाऊ देत नाही.

घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "म्हणजे आता तुम्ही मागायचं आणि समोरच्याने नाही म्हणायचं? तीन महिने पुरणार नाहीत हो."

तिच्याकडे दुर्लक्ष करून मी संध्याकाळी जुनी टिपणं मोठ्याने वाचत बसलो. मोठ्याने वाचलं की कुठे अडखळतं ते कळतं. आमची नात दहा महिन्यांची आहे, सारखी स्वतःभोवती फिरते म्हणून तिला भिंगरी म्हणतो. मी वाचायला लागलो की ती मांडीवर येऊन बसते, माझ्या छातीवर पंजा ठेवते आणि अजिबात हलत नाही. या घरात माझी टिपणं इतकं मन लावून ऐकणारी ती एकटीच.

४ सप्टेंबर, बुधवार

आरोग्य मंत्रालयात तळमजल्यावर खोली मिळाली. खिडकी आहे, पण ती जिन्यात उघडते. टेबलाच्या एका पायाखाली घडी घालून कागद सरकवला होता. काढून पाहिला तर सहा वर्षांपूर्वीचं माझंच काटकसरीचं परिपत्रक. परत होतं तिथे ठेवलं, कारण टेबल डगमगायला लागलं.

खोलीत दुसरं टेबल कान तपासणाऱ्या तंत्रज्ञ बाईंचं. चाळिशी उलटलेल्या, आणि आवाज असा की जिन्यातले लोक दचकतात. आयुष्य कमी ऐकणाऱ्यांशी बोलण्यात गेलं, त्यामुळे आपल्या तोंडाकडे बघत, एकेक शब्द सुटा करत, वरच्या पट्टीत बोलतात.

"तुम्हीच का ते?" त्यांनी विचारलं.

"ते म्हणजे कोण?"

"लाल शाईवाले!"

मी हो म्हटलं. त्यांनी कपाटातून फाइल काढून माझ्यापुढे ठेवली. आत चार वेळा पाठवलेला एकच प्रस्ताव आणि चार वेळा माझे शेरे. प्रस्ताव असा की जन्मलेलं प्रत्येक बाळ रुग्णालयातून घरी जाण्याआधी त्याचे कान तपासायचे. यंत्राच्या नळीच्या टोकाचं मऊ बोंडूक कानात घालायचं, यंत्र बारीक टकटक करतं, आणि चांगला कान त्या टकटकीला उत्तर देतो. उत्तर आलं की हिरवा दिवा, नाही आलं की लाल.

"आणि उशिरा कळलं तर काय बिघडतं?" मी विचारलं.

"तीन वर्षांनी कळलं तर मूल तीन वर्षं शब्दाविना राहतं, साहेब! पहिल्या वर्षात कळलं तर कानाला यंत्र लावता येतं, शिकवता येतं!"

मी म्हटलं, हे सगळं ठीक आहे, पण आकडे कुठे आहेत? त्या म्हणाल्या, "आकडे तुम्ही काढू दिले नाहीत!" याचा अर्थ मला लागला नाही. स्वतःचा आळस अर्थ मंत्रालयावर ढकलायची लोकांना सवयच असते.

माझे शेरे मात्र पुन्हा वाचताना बरं वाटलं. विशेषतः आक्षेप क्रमांक चार: 'मूल बहिरे असल्यास पालकांच्या ते वेळीच लक्षात येतेच. त्यासाठी यंत्राची आवश्यकता सिद्ध होत नाही.' दोन वाक्यांत विषय संपवला होता.

८ सप्टेंबर, रविवार

घरात आज उगीच तणातणी. मुलगा कामासाठी परगावी असतो, महिन्यातून दोन दिवस येतो, त्यामुळे सूनबाईच्या मनात काही आलं की ते माझ्याकडे येतं. म्हणाली, "बाबा, मला भिंगरीची काळजी वाटते. मागून हाक मारली तर ती बघतच नाही."

मी विचारलं, किती वेळा हाक मारलीस? त्यातली किती वेळा बघितलं नाही? लिहून ठेवलं आहेस का? नव्हतं ठेवलं. मग मी भिंगरीच्या मागे जाऊन लाकडी फरशीवर पाय आपटला. पोरगी गर्रकन वळली आणि हसली. "बघ," मी म्हटलं, "ऐकते की नाही?"

"डॉक्टरांना एकदा दाखवूया का?"

"दोन महिने थांबू. मग पाहू."

बायको म्हणाली, हट्टी आहे पोर, आजोबांवर गेली आहे, मनात असेल तेव्हाच बघणार. मला ते आवडलं. शिवाय तिची झोप किती चांगली! शेजारी आठवडाभर भिंत फोडतायत, ड्रिलच्या आवाजाने माझं डोकं उठलं, पण भिंगरी दुपारी दोन तास ढाराढूर. फार गुणी पोर आहे.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

आज स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

प्रस्ताव नव्याने लिहायचा म्हणून तंत्रज्ञ बाईंकडून सगळी कागदपत्रं मागवली, तर फाइली दोन निघाल्या. एक योजनेची. तिच्यावर शेरा: 'किती मुले जन्मतः बहिरी असतात याची पाहणी झालेली नाही. पाहणीअभावी योजनेस मान्यता देता येत नाही.' दुसरी फाइल त्या पाहणीची. तिच्यावर शेरा: 'मूळ योजनाच मंजूर नसताना पाहणीवर खर्च करणे उचित नाही.'

दोन्हींखाली माझी सही. एक मंगळवारची, एक गुरुवारची, एकाच आठवड्यातली. मधल्या बुधवारी मी काय करत होतो कोण जाणे.

"बाई, हे तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं! चार पत्रं लिहिली! तुमचं उत्तर आलं, संबंधित फाइलसोबत पाठवावे! दोन्ही फाइली तुमच्याकडेच होत्या!"

मी उठलो, जिना चढलो, उतरलो, पुन्हा चढलो. नऊ वर्षं झाली त्या आठवड्याला. नऊ वर्षांत या देशात जन्मलेल्या मुलांचा हिशोब मांडायला मन धजेना. परत येऊन म्हटलं, "बाई, चुकलं माझं."

"काय?"

"चुकलं माझं."

"पहिल्यांदाच ऐकू आलं होतं," त्या म्हणाल्या, आणि प्रथमच हळू बोलल्या. "दुसऱ्यांदा ऐकावंसं वाटलं."

१७ सप्टेंबर, मंगळवार

एका मुलाला तपासायला किती मिनिटं लागतात हे मला स्वतःच्या घड्याळावर मोजायचं होतं. बाईंकडे देणगीतून मिळालेलं एक जुनं यंत्र आहे. नमुन्याला मूल कुठून आणायचं? म्हटलं, भिंगरी आहेच. सूनबाईला फोन केला तर ती पंधरा मिनिटांत हजर, जणू पिशवी भरून दारातच उभी होती. भिंगरी वाटेतच झोपली होती, त्यामुळे काम सोपं झालं.

डावा कान: लाल. उजवा कान: लाल. बोंडूक बदललं, पुन्हा लावलं, पुन्हा लाल. वेळ चार मिनिटं दहा सेकंद. मी लगेच टिपून घेतलं की यंत्रं जुनी झाल्यावर बिघडतात, प्रस्तावात देखभालीची वेगळी तरतूद हवी. नमुना फुकट गेला पण मुद्दा चांगला मिळाला.

बाई सूनबाईला घेऊन बाहेर गेल्या आणि जिन्यावर कितीतरी वेळ बसल्या होत्या, हातात हात घेऊन. काय बोलत होत्या ते मला ऐकू आलं नाही, म्हणजे नवलच. बायकांचं किती लवकर जमतं!

१९ सप्टेंबर, गुरुवार

ते यंत्र आज पाच जणांवर लावून पाहिलं. बाई, शिपाई, वरच्या मजल्यावरचे दोन कारकून आणि मी. सगळे हिरवे.

यंत्र ठीक आहे.

२० सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी भिंगरी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून वाट्या एकात एक घालत होती. मी तिच्या मागे उभा राहिलो, फरशीला धक्का लागू दिला नाही, आणि पातेल्यावर झाकण आपटलं. बायकोच्या हातून कप सुटला. भिंगरीने पुढची वाटी उचलली.

मी तिला मांडीवर घेतलं. तिने नेहमीप्रमाणे माझ्या छातीवर पंजा ठेवला आणि माझ्या तोंडाकडे पाहत राहिली, मी बोलायची वाट बघत. तेव्हा मला कळलं की माझी टिपणं तिने कधी ऐकलीच नव्हती. ती माझा आवाज हाताने चाचपत होती. फरशीवर पाय आपटला तेव्हाही तसंच.

सूनबाई दारात उभी होती. मी म्हटलं, "तुला माहीत होतं."

"मला वाटत होतं, बाबा. माहीत कुठून असणार? तुम्ही म्हणालात लिहून ठेव. मग ठेवलं."

तिने एक वही आणली. रोजची तारीख, किती हाका मारल्या, किती वेळा वळली. शेवटी बेरीज: हाका एकशे चौदा, वळली तीनदा, आणि पुढे बारीक अक्षरात, 'तिन्ही वेळा माझी सावली तिच्यावर पडली होती.' माझ्या विभागात इतकं स्वच्छ टिपण आजवर कोणी लिहिलेलं नाही. मी ते वाचलं आणि मला रडू आवरेना. सूनबाईने मला पाणी दिलं. खरं तर मी तिला द्यायला हवं होतं.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

मोठ्या रुग्णालयातली तपासणी झाली. दोन्ही कान, जवळजवळ काहीच नाही. मुलगा रजा काढून आला आहे. कानाची यंत्रं महिन्या-दीड महिन्यात येतील.

डॉक्टर मात्र खुशीत होते. "वर्षाच्या आत आणलंत, फार चांगलं केलंत. आमच्याकडे तीन-तीन वर्षांची मुलं येतात. ही शिकेल, भरपूर शिकेल. आजोबा हुशार दिसतायत."

मी सूनबाईकडे पाहिलं. ती शहाणी, तपासणीचे कागद पिशवीत भरू लागली.

बाहेर पडल्यावर मला असा राग आला, असा राग आला, की बऱ्याच वर्षांत आला नव्हता. चार मिनिटांचं यंत्र. आणि वाटेत आडवा कोण, तर मी. ठीक आहे. आता मीच मला आडवा पाडणार.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

वही लिहायला वेळच मिळाला नाही. गेले तीन आठवडे बाई आणि मी सकाळपासून प्रसूती रुग्णालयात. पाहणीला पैसे नाहीत ना, मग आम्हीच पाहणी. बाईंनी तपासायचं, मी घड्याळ लावून नोंद करायची. तीनशे बारा बाळं. सरासरी चार मिनिटं. नऊ बाळांना पुन्हा बोलावलं, त्यातलं एक पक्कं ठरलं. त्याची आई बस चालवते. ती म्हणाली, "आत्ताच कळलं ते बरं झालं. आता मी त्याच्याशी तोंडासमोर बोलेन." नऊ दिवसांचं बाळ, आणि त्याच्या आईला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

एक गोष्ट कबूल करतो. हिरवा दिवा लागला की आयांना सांगायचं काम बाईंनी मला दिलं. सत्तावीस वर्षं मी लोकांना नाही सांगत आलो. इथे तीन आठवड्यांत तीनशे वेळा "हो, ऐकू येतंय!" म्हणालो. सवय लागेल की काय अशी भीती वाटते. परिचारिका मला 'हिरवेकाका' म्हणायला लागल्या आहेत. नन्नासाहेबांपेक्षा बरं.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

प्रस्ताव गेला. एकोणीस पानं. कुठे काय आक्षेप येईल ते आधीच ओळखून उत्तरं पेरून ठेवली आहेत. दुपारी राहवेना म्हणून शिष्येला फोन केला. "पोहोचला का गं?"

"प्रस्तावाच्या स्थितीबाबत दूरध्वनीवर माहिती देता येत नाही, सर."

हे माझंच वाक्य! मीच तिला शिकवलं होतं. फोन ठेवून मी एकटाच हसलो आणि मग हसू थांबलं.

४ नोव्हेंबर, सोमवार

परत आला. अकरा आक्षेप.

काय अकरा आक्षेप आहेत! एकेक असा नेमका की वाचताना ऊर भरून आला. बोंडकं एकदाच वापरायची की धुऊन, धुवायची तर कोण धुणार, हे तर माझ्याही लक्षात आलं नसतं. शाबास पोरी. आणि खड्ड्यात जा पोरी. बाई म्हणाल्या, "तुम्हीच पेरलंत, आता तुम्हीच कापा!" दहा आक्षेपांना सायंकाळपर्यंत उत्तरं लिहिली.

राहिला क्रमांक चार. तिने तो जसाच्या तसा उतरवला आहे: 'पालकांच्या ते वेळीच लक्षात येतेच.' खाली एक ओळ स्वतःची: 'याविरुद्ध पुरावा सादर केलेला नाही.' खरं आहे. तीनशे बारा बाळांमधून बाळांचं कळलं, पालकांचं नाही. याविरुद्धचा पुरावा माझ्या घरात वाट्या एकात एक घालत बसलेला आहे.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

वीस तारखेला बैठक. सचिव बाई अध्यक्ष, शिष्या आक्षेप मांडणार, तंत्रज्ञ बाई आणि मी उत्तरं देणार. बाईंना सूटबूटवाल्या लोकांपुढे बोलायची धास्ती आहे, तेव्हा बोलायचं मीच असं ठरलं आहे. यंदा हुकलं तर अर्थसंकल्पाची दारं बंद, पुन्हा पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी मी निवृत्त, आणि माझ्याखेरीज या फाइलीतल्या खाचाखोचा कोणाला ठाऊक नाहीत.

पण एक घोळ आहे. आमच्या विभागाची जुनी रीत अशी की बैठकीआधी प्रत्येकाने एक घोषणापत्र भरायचं: विषयात तुमचा किंवा कुटुंबाचा काही संबंध आहे का? ज्याने काही लिहिलं असेल त्याने बैठकीबाहेर जायचं, मग ते पत्र आत वाचून दाखवायचं. मी दर वेळी एकच शब्द लिहीत आलो: निरंक.

या वेळी खरं लिहिलं तर मी बाहेर. निरंक लिहिलं तर आत बसून बोलता येईल, आणि कोणाला कळणारही नाही.

कानाची यंत्रं काल बसवली. भिंगरीने एक चहात टाकलं.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

आठ दिवस घोळ घातला. शेवटी बायको म्हणाली, "अहो, जन्मभर दुसऱ्यांचे कागद खोटे आहेत का ते तपासलंत ना? मग स्वतःचा एक खरा लिहा की."

लिहिला. सूनबाईला विचारल्याशिवाय देणार नव्हतो, तिच्यापुढे ठेवला.

'संबंध: नात. वय एक वर्ष. दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. तिच्या आईच्या ते लक्षात आले होते. तिने मला ८ सप्टेंबर रोजी सांगितले. मी पुरावा मागितला व दोन महिने थांबण्यास सुचवले. यंत्राने चार मिनिटांत सांगितले. आक्षेप क्रमांक चार मूळ मी लिहिलेला आहे.'

सूनबाईने वाचलं, पेन घेतलं, 'सुचवले' खोडून 'सांगितले' केलं आणि परत दिलं. दुरुस्ती योग्य होती.

बाईंना सांगितलं तर त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे मी एकटी? साहेब, मला हळू बोलताच येत नाही!"

"हळू बोलू नका," मी म्हटलं.

२० नोव्हेंबर, बुधवार

मंजूर! मंजूर, मंजूर, मंजूर! लिहून बघतो कसं दिसतं ते. या शब्दाचा आणि माझा फारसा परिचय नव्हता.

सगळं क्रमाने लिहितो. अकरा वाजता घोषणापत्रं गोळा झाली. शिष्येने माझं उघडलं, पाहिलं, पुन्हा पाहिलं. मी उठून बाहेर आलो. बैठकीच्या खोलीबाहेर एक लाकडी बाक आहे. माझ्या सत्तावीस वर्षांत त्या बाकावर मी किती जणांना ताटकळत ठेवलं असेल, पण त्याची एक फळी बसणाऱ्याला चिमटते हे मला आज कळलं.

आत अधिकारी लोक पुटपुटतात तसे पुटपुटत होते. शब्द कळेना. आणि मग दार हादरलं.

"नमस्कार!"

बाईंचा एकेक शब्द मला बाकावर लख्ख ऐकू येत होता, बाकीच्यांचं काहीही नाही. अर्धी बैठक कानात, अर्धी अंदाजाने.

"चार मिनिटं, साहेब! घड्याळ लावून!"

पुटपुट.

"देखभाल पान सातवर! वाचा ना!"

पुटपुट, पुटपुट.

"बोंडकं धुवायची! मी धुते तशी! त्यात काय एवढं!"

मी बाकावर एकटा हसत होतो. लिफ्टवाला थांबून बघायला लागला, त्याला म्हटलं, बस. तोही बसला. चिमटणाऱ्या फळीवर मुद्दाम बसवला.

मग आतून बराच वेळ काही ऐकू येईना. पुटपुटही थांबली. मी दाराकडे टक लावून बसलो, आणि शेवटी बाईंचा आवाज आला, मोठा, पण जरा कापरा:

"क्रमांक चारचं मी काय सांगू? आत्ता तुम्हीच वाचून दाखवलंत ना!"

त्यानंतर पाच मिनिटांनी दार उघडलं आणि शिष्या बाहेर आली. डोळे लाल, पण ताठ उभी.

"सर, आक्षेप क्रमांक चार मी मागे घेतला."

"मागे घेण्याचं कारण फाइलीवर नोंदवलंस?"

"नोंदवलं." तिने फाइल उघडून दाखवली. माझ्या त्या वाक्याखाली तिच्या अक्षरात लिहिलं होतं: 'आईच्या लक्षात येते. तिचे म्हणणे खरे मानायला यंत्र लागते.'

नऊ वर्षांत मी तिच्या एका ओळीलाही 'छान' म्हणालो नव्हतो. आज म्हणालो. तिने रुमाल काढला आणि मी लिफ्टवाल्याकडे बघायला लागलो, तर तोही रुमाल शोधत होता.

पहिल्या वर्षी अर्ध्या जिल्ह्यांतली रुग्णालयं, दुसऱ्या वर्षी उरलेली. देशात जन्मणारं प्रत्येक बाळ. बाई बाहेर आल्या आणि "झालं!" अशा ओरडल्या की चौथ्या मजल्यावरून कोणीतरी खाली डोकावलं. नंतर सचिव बाईंनी मला आत बोलावलं. म्हणाल्या, "मला वाटलंच होतं, हे तुमच्याखेरीज कोणाला जमणार नाही. त्या दोन्ही फाइली मी आल्या आल्या वाचल्या होत्या."

म्हणजे माझ्या अनुभवाचा फायदा व्हावा हाच त्यांचा हेतू होता. मी पहिल्याच दिवशी तसं लिहिलं आहे.

१ डिसेंबर, रविवार

उद्या माझ्या खुर्चीत परत जायचं. सचिव बाईंना सांगितलं आहे की खुर्ची शिष्येकडेच राहू द्या, उरलेलं वर्ष मी शेजारी बसेन आणि परत पाठवलेल्या जुन्या फाइली जोडीजोडीने वाचेन. आणखी किती मंगळवार-गुरुवार निघतात कोण जाणे.

आज सकाळी ही वही लिहायला बसलो होतो. भिंगरी जमिनीवर, माझ्याकडे पाठ करून, वाट्यांशी खेळत होती. कानांत दोन्ही यंत्रं. गेले तीन आठवडे ती काढून फेकते आणि आम्ही परत घालतो. शिकवणाऱ्या बाई सांगतात, धीर धरा, आवाज म्हणजे काय हे तिला आधी कळायला हवं.

मी पेन खाली ठेवून चष्मा पुसत होतो. एवढ्यात ती रांगत आली, टेबलाखाली शिरली, दुसऱ्या बाजूने वर उभी राहिली, माझं लाल पेन उचललं आणि टेबलाला टेकून, पाठ फिरवून ते तोंडाकडे नेऊ लागली. पाठ पुन्हा माझ्याकडे. मी हललो नाही, पाय आपटला नाही, सावलीही पडली नसेल. जन्मभराच्या सवयीने तोंडातून आपोआप निघालं.

"नाही!"

ती थांबली. हात तसाच हवेत. मग मान वळवून तिने सरळ माझ्याकडे पाहिलं, डोळे एवढे मोठे.

मी सूनबाईला हाक मारली, मला वाटतं बाईंपेक्षाही मोठ्याने मारली असेन. सगळे धावत आले, बायकोच्या हाताला पीठ तसंच. "पुन्हा म्हणा," सूनबाई म्हणाली. "बाबा, पुन्हा म्हणा ना!"

"नाही," मी म्हणालो. मला हसू आवरत नव्हतं आणि रडूही. "नाही, नाही, नाही!"

भिंगरीने आळीपाळीने सगळ्यांकडे पाहिलं, खुदकन हसली, आणि पेन तोंडात घातलं.

सत्तावीस वर्षांत माझा नकार कोणी इतक्या आनंदाने धुडकावला नव्हता. आजची ही नोंद पेन्सिलीने लिहिली आहे, कारण लाल पेन अजून तिच्याकडेच आहे.